आधीचा पगार विचारायचाच कशाला?

"आत्ता किती घेतोस?" हा प्रश्न आपल्याकडे मुलाखतीत इतका सहज येतो की तो विचारू नये असं कुणी म्हटलं तर लोक हसतील. बेळगावच्या उद्यमबागेतल्या दोन शेडच्या मशीनशॉपमध्ये मालक तो विचारतो, मच्छेच्या कारखान्यातला एचआर विचारतो, पुण्याची कंपनी फोनवर पहिल्या दोन मिनिटांत विचारते. बेंगळूरची कंपनी तर माणसाशी बोलायच्या आधीच फॉर्ममध्ये भरून घेते. ती चौकट रिकामी ठेवली तर फॉर्म पुढं सरकतच नाही. माझं म्हणणं असं की हा प्रश्न बंद व्हावा, आणि आपणहून होत नसेल तर कायद्यानं व्हावा. त्याची सगळ्यात जास्त गरज बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मुलामुलींना आहे.

पगार कामावर ठरतो, हे पुस्तकातलं झालं. व्हीएमसी (प्रोग्रॅमवर धातू कापणारं मशीन) चालवणारा, प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करू शकणारा, चार-पाच वर्षं हात बसलेला बेळगावचा मुलगा घ्या. मशीन तेच, कंट्रोलर तोच, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स तोच. इथली कितीतरी वर्कशॉप बाहेरच्या मोठ्या कंपन्यांचंच जॉबवर्क करतात, त्यामुळं कित्येकदा पार्टही तोच. तरी पुण्याजवळच्या चाकणला त्याच हाताला जास्त पैसे पडतात. इथल्या मालकाला पक्कं ठाऊक असतं की याचं घर अनगोळात स्वतःचं आहे, आई-वडील थकलेत, येळ्ळूरला भाताची थोडी जमीन आहे. हा कुठं जातोय? त्या न जाण्याचे पैसे त्याच्या पगारातून आधीच वजा झालेले असतात. मुलालाही ते कळतं आणि चालतं, कारण भाडं द्यायचं नसतं आणि डबा घरचा असतो.

उद्या हाच मुलगा पुण्याला निघाला की ही वजाबाकी इथंच राहायला हवी. पण मुलाखतीत "करंट किती?" विचारलं, त्यानं खरं सांगितलं, समोरच्यानं त्यावर वीस-तीस टक्के चढवले, की बेळगावची वजाबाकी त्याच्याबरोबर पुण्याला पोचते. तिथून पुढच्या नोकरीत जाते, आणि तिथून त्याच्या पुढच्या. चाकणला शेजारच्या मशीनवर उभा असलेला, तेवढंच काम करणारा माणूस महिन्याला आठ-दहा हजार जास्त का नेतो, याचं उत्तर कुणी त्याला देत नाही. उत्तर एवढंच असतं की त्या दुसऱ्या माणसाची पहिली नोकरी पुण्याच्या भोसरीत लागली होती.

आता पहिली नोकरी आपल्याकडे कशी लागते तेही बघा. जाहिरात वाचून अर्ज केला आणि बोलावणं आलं, असं थोड्यांचं होतं. बहुतेकांचं ओळखीतून होतं. मामा एखाद्या लग्नात मालकाला गाठतात आणि म्हणतात, "आमच्या भाच्याला बघा की कुठंतरी लावून." मग एका सकाळी मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात जाऊन बसतो. मालक चहा मागवतो, डिप्लोमाची मार्कलिस्ट उलटी-सुलटी करून ठेवतो, वडिलांचा गुडघा आता कसा आहे ते विचारतो आणि शेवटी म्हणतो, "ये सोमवारपासून. पगाराचं बघू काय ते." बघू म्हणजे किती, हे विचारायची सोय नसते. विचारलं तर संध्याकाळपर्यंत मामांच्या कानावर जातं आणि घरात सगळ्यांची तोंडं पडतात. पुढच्या महिन्यात पाकीट हातात आलं की आकडा कळतो. कुरकुर केलीच तर आई म्हणते, "मामांनी शब्द टाकलाय. आधी काम शिकून घे." काम तर तो शिकतोच.

ओळखीला मी नावं ठेवत नाही. तिच्यावर या भागातली कितीतरी घरं उभी राहिलीत, आणि चोख माणूस मिळवायला छोट्या मालकाकडं दुसरा मार्गही नसतो. पण भिडेखातर गप्प बसून स्वीकारलेला एक आकडा पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या कमाईचा पाया व्हावा, हे काही बरोबर नाही. गंमत म्हणजे हाच मुलगा लग्नाच्या बायोडाटात पगार भरघोस वाढवून लिहितो, मुलीकडचे तो मनातल्या मनात कमी करून वाचतात, आणि कुणाला वाईट वाटत नाही. जिथं आकड्यावर खरोखर पोट अवलंबून आहे तिथं मात्र तो हरिश्चंद्र होतो.

शिवाय 'आधीचा पगार' ही काही एकच ठाम रक्कम नसते. मी लहान कारखान्यांची पीएफ-ईएसआयची (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विम्याची) कागदपत्रं करतो, म्हणून हे जवळून बघतो. काही ठिकाणी स्लिपवर पंधरा हजार आणि वर पाच-सात हजार रोख, असा मामला असतो. मालकाला पीएफचा हिस्सा कमी भरावा लागावा म्हणून केलेला. काहींच्या हातात पडणाऱ्या पैशांत ओव्हरटाइमचा वाटा मोठा असतो. कायद्यानं ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे. पुष्कळांना तो सिंगलच मिळतो आणि तेही ते आनंदानं करतात. आता अशा माणसानं 'करंट' म्हणून काय सांगायचं? स्लिपवरचं सांगितलं तर स्वतःच स्वतःला कमी लेखलं. हातात येतं ते सांगितलं तर पुरावा नाही. नवी कंपनी तीन महिन्यांच्या स्लिपा मागते, पीएफचं पासबुक मागते, पासबुकात पंधरा हजारांवरचीच कपात दिसते, आणि खरं बोललेला मुलगा खोटा पडतो. लबाडी केली जुन्या मालकानं, शिक्षा याला.

आणि इथून बाहेर जाणारी मुलं सगळ्यात जास्त फसतात ती पुढच्या हिशेबात. आपल्याकडं पगार म्हणजे हातात पडतात ते पैसे. पुण्या-बेंगळूरला पगार म्हणजे सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा सगळा खर्च. एक बोलतो एका मापात, दुसरा ऐकतो दुसऱ्या मापात.

हातात २४,००० घेणारा मुलगा धरा. एचआरनं विचारलं, त्यानं "चोवीस" सांगितलं. एचआरनं बारानं गुणून २ लाख ८८ हजार मांडले, त्यावर घसघशीत वाटणारी ३० टक्के वाढ दिली. झाले ३ लाख ७४ हजार ४००, म्हणजे महिना ३१,२००. घरी फोन जातो, पेढे येतात. आता हे ३१,२०० सोलून बघू. त्यातले दहा टक्के, ३,१२०, व्हेरिएबल. कामगिरी बघून वर्षाअखेर मिळाले तर मिळाले. मूळ पगार निम्मा, १५,६००. त्यावर १२ टक्क्यांनी कंपनीचा पीएफ हिस्सा १,८७२. तो कंपनी भरते, पण सीटीसीत मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे ७५० रुपये, तीही मोजलेली. मग त्याचा स्वतःचा पीएफ १,८७२ आणि व्यवसाय कर २००. उरले २३,३८६. तीस टक्के वाढ घेऊन माणूस बेळगावात घेत होता त्याच्यापेक्षा सहाशे रुपये कमी घरी आणतो, आणि त्यातून खोलीचं भाडं आणि मेस भागवतो. पीएफ त्याचाच आहे, वाया गेलेला नाही, हे खरं. पण पहिल्या तारखेला घरमालक पीएफचं पासबुक घेत नाही.

या हिशेबात कुणी फसवलं असंही म्हणता येत नाही. एचआरनं नियमानं वाढ दिली, मुलानं खरं सांगितलं. बिघाड प्रश्नातच आहे. तो विचारलाच नसता आणि कंपनीनं त्या जागेसाठी ठरवलेली रक्कम सांगितली असती, तर दोघंही एकाच मापात बोलले असते.

सीमेवर राहण्याचे आणखी बारीक घोळ आहेत. कर्नाटकात महिना २५,००० च्या आतल्या पगारावर व्यवसाय कर नाही. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलच्या एमआयडीसीत गेलात की महाराष्ट्राचा नियम लागतो, आणि पुरुषाला १०,००० च्या वर महिन्याला २०० रुपये कापले जातात. बायकांना तिथंही २५,००० पर्यंत सूट आहे. निपाणीतून रोज कागलला ये-जा करणाऱ्या अठरा हजारवाल्याला हे दोनशे बोचतात. किमान वेतन ही दोन्ही राज्यं आपापलं ठरवतात. वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात पगाराची चौकट बदलते, आणि तरी मुलाखतीत आधीचा आकडा असा वापरला जातो की जणू तो माणसाच्या कपाळावर लिहिलेला आहे.

बायकांचं तर वेगळंच. बाळंतपणासाठी किंवा सासूच्या आजारपणासाठी चार-पाच वर्षं घरी राहिलेली बाई परत नोकरी शोधते, तेव्हा तिला शेवटचा पगार विचारतात. तो पाच वर्षांपूर्वीचा. भाजीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं वाढलं, तिचा आकडा मात्र तिथंच गोठलेला. अमेरिकेत या प्रश्नावर बंदीची सुरुवात झाली ती याच कारणानं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१६ मध्ये समान वेतनाचा कायदा केला, तो १ जुलै २०१८ पासून लागू झाला: पगारासकट ऑफर देण्याआधी मालकानं उमेदवाराचा जुना पगार विचारायचा नाही, त्यानं आपणहून सांगितला तर गोष्ट वेगळी. बाईला एकदा कमी दिलं की प्रत्येक नव्या मालकाला तेच कमी देण्याचं निमित्त मिळतं, ही साखळी तोडायची होती. न्यूयॉर्क शहरात २०१७ च्या ऑक्टोबरअखेर आणि कॅलिफोर्नियात २०१८ च्या सुरुवातीला अशीच बंदी आली. कोलोराडोनं २०२१ पासून जाहिरातीतच पगाराची मर्यादा छापणं सक्तीचं केलं. युरोपीय संघानं २०२३ मध्ये काढलेल्या निर्देशात जुना पगार विचारायला बंदी आहे आणि जाहिरातीत किंवा निदान मुलाखतीआधी पगार सांगणंही सक्तीचं आहे, आणि सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ ची मुदत दिली.

आपल्याकडं १९७६ चा समान वेतन कायदा होता. आता त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. सारख्या कामाला पगार देताना आणि नोकरीवर घेताना स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, असं ती सांगते. भत्ते फुगवून मूळ पगार लहान दाखवण्यालाही तिनं चाप लावलाय: वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. चांगलं आहे. पण जुना पगार विचारण्यावर तिच्यात काही नाही, आणि जाहिरातीत आकडा छापण्यावरही नाही. भेद करू नका म्हणायचं आणि भेद ज्या दारातून आत येतो ते सताड उघडं ठेवायचं, असं झालंय.

भाव कशावर ठरवायचा, हा वाद या मातीला नवा नाही. १९८१ मध्ये निपाणीला तंबाखूचे शेतकरी पुणे-बेंगळूर महामार्गावर बसले, शरद जोशी त्यांच्यासोबत होते, आणि शेवटी गोळीबार होऊन शेतकरी मेले. शेतकरी संघटनेची मागणी उत्पादन खर्चावर आधारलेल्या भावाची होती. गेल्या हंगामात व्यापाऱ्यानं काय दिलं, हा त्या हिशेबाचा पाया नव्हता. त्या आंदोलकांची नातवंडं आज मुलाखतीत बसून गेल्या मालकानं काय दिलं ते निमूट सांगतात.

"हे परदेशातलं, आपल्याकडं कसं चालेल?" असं विचारणाऱ्यांना मला एवढंच दाखवायचंय की आपल्याकडं ते दोन ठिकाणी चालूच आहे. सरकारी भरतीच्या जाहिरातीत पदापुढं वेतनश्रेणी छापलेली असते. तलाठी भरतीला किंवा बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्याला पगार आधी कळतो, मग तो अर्ज करतो. दुसरं ठिकाण इंजिनिअरिंग कॉलेजांचं कॅम्पस. कंपनी यायच्या आधी नोटीस बोर्डावर पॅकेज लागतं, आणि शंभर मुलांना एकच आकडा दिसतो. तीच कंपनी तीन वर्षांनी अनुभवी माणूस घेताना मात्र तोंड मिटून घेते आणि आधी तुमचा आकडा काढून घेते. नवख्याला सांगता येतं ते अनुभव्याला का सांगता येऊ नये?

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर मुलाखतीत काय करायचं, हे मला मुलं विचारतात. खोटं सांगू नका, हे पहिलं. पासबुक आणि स्लिपा बघितल्या जातातच, आणि ऑफर हातात येऊन गेलेली मुलं मी पाहिलीत. पण खरं बोलायचं म्हणजे विचारलं ते सगळं ओकायचं असं नाही. "सर, तो पगार त्या गावचा आणि त्या कामाचा होता. या जागेसाठी तुम्ही साधारण किती धरलंय?" हे नीट, आवाज न चढवता म्हणता येतं. दहापैकी काही जण आकडा सांगतात, काही चिडतात. घरात हप्ते तटलेत आणि हीच एक नोकरी समोर आहे अशा माणसानं जुना पगार सांगून टाकला तर त्याला मी दोष देणार नाही. फक्त सांगताना हातातला की सीटीसी, ओव्हरटाइम धरून की सोडून, आणि रोखीचे मिळत असतील तर तेही, इतकं फोडून सांगावं.

अपेक्षा किती, या प्रश्नाचं मात्र उत्तर तयार हवंच. आकडा आधी आपण बोलू नये, असा एक सल्ला फार फिरतो. मला तो अर्धवट वाटतो. ज्याला बाजारभाव माहीत नाही त्यानं गप्प बसावं, हे ठीक. ज्याला माहीत आहे त्यानं आपणहून, थोडा चढाच आकडा ठेवावा, म्हणजे बोलणं तिथून सुरू होतं. आणि भाव माहीत करून घ्यायला दुसऱ्यांना विचारावं लागतं. इथंच आपलं अडतं. टिळकवाडीत चहाच्या गाड्यावर दोन तास राजकारण बोलणारी मुलं एकमेकांना पगार सांगत नाहीत. जास्त असला तर दृष्ट लागेल म्हणून, कमी असला तर लाज म्हणून. चाकणला, कागलला, गोव्यात वेर्ण्याला तेच काम करणाऱ्या तिघा मित्रांना फोन लावले तरी पुरेसं कळतं.

मालकांची बाजूही मला ठाऊक आहे, कारण माझं अर्धं आयुष्य त्यांच्या ऑफिसात जातं. जॉबवर्कचे दर वरून दाबलेले, पैसे नव्वद दिवसांनी येणार, वीजबिल थांबत नाही. असा मालक म्हणतो, "मला परवडेल का नाही ते कळायला विचारतो, दुसरं काय." मग त्यानं परवडणारा आकडाच सांगावा की. "माझी मजल बावीसपर्यंत आहे" म्हटल्यावर तीसवाला आपणहून उठून जातो, दोघांचा अर्धा तास वाचतो. फाटकावरच्या 'सीएनसी ऑपरेटर पाहिजेत' या पाटीवर 'पगार योग्यतेनुसार' लिहिण्याऐवजी '२० ते २४ हजार, पीएफसह' लिहायला रंगही तेवढाच लागतो.

खरी अडचण मालक चहाच्या दुसऱ्या कपाला बोलतात. पाटीवर चोवीस लिहिलं की आत अठरावर राबणारा जुना माणूस ती वाचणार. नवा येतो तो चोवीसवर येतो आणि त्याला काम शिकवतो अठरावाला, हे आज चालून जातं कारण दोघांना एकमेकांचे आकडे माहीत नसतात. "मग जुने बिघडतील की हो," असं एक मालक मला कळवळून म्हणाले. बिघडतील, यात वाद नाही. अठरावाला दुसऱ्या दिवशी केबिनच्या दारात उभा राहील आणि त्याला बावीस-तेवीसवर आणावं लागेल, किंवा मग सोडावं लागेल. सोडला तर तो कागलला विचारणा करील. निपाणीकडचा असेल तर अर्ध्या तासाचा रस्ता आहे. ही वाढ जॉबवर्कच्या दरातून काढायची तर मोठ्या कंपनीशी बोलावं लागेल, आणि ते बोलणं एकट्या शेडवाल्याला जड जातं. उद्यमबागेतल्या चाळीस-पन्नास जणांनी मिळून पाट्यांवर आकडे लिहायचं ठरवलं, तर दर मागतानाही त्यांना ते आकडे पुढं ठेवता येतील.